हृदयातील गाठ सोडविणारे शल्यविशारद : डॉ. क्लॅरेन्स क्राफूर्ड

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा त्यांच्या आयुष्यातील एखाद्याच दिवसावर खिळून राहते. किल्ला सर झाला तो दिवस, ग्रंथ पूर्ण झाला तो दिवस, शोध लागला तो दिवस. त्या दिवसामागे किती वर्षांचा उद्योग उभा होता, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. चरित्रवाचनाचा खरा लाभ ह्या हिशेबातच आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे, की ज्याच्या एका दिवसाच्या यशामागे सत्तावीस वर्षांची वाटचाल होती. हे गृहस्थ म्हणजे स्वीडन देशाचे विख्यात शल्यविशारद डॉ. क्लॅरेन्स क्राफूर्ड होत. मानवी हृदयाच्या आत वाढलेली गाठ बाहेर काढून रोग्यास जगविण्याचा मान जगात प्रथम त्यांना मिळाला. तो दिवस होता १६ जुलै १९५४.

आम्ही वैद्य नव्हे. आमचा सारा जन्म शाळेच्या फळ्यापुढे गेला. तेव्हा जे सांगावयाचे ते वर्गात सांगावे तसेच, साध्या शब्दांत आणि पायरीपायरीने सांगणार आहोत. जाणत्या डॉक्टर मंडळींनी ते गोड मानून घ्यावे.

प्रथम ह्या गाठीची ओळख करून घेऊ. आपल्या हृदयात चार कप्पे असतात. वरच्या दोहोंस कर्णिका म्हणतात व खालच्या दोहोंस जवनिका. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त डाव्या कर्णिकेत येते, तेथून एका झडपेतून डाव्या जवनिकेत उतरते आणि मग महाधमनीवाटे सर्व शरीरभर जाते. दोन कर्णिकांच्या मध्ये जो पडदा असतो, त्या पडद्यावर क्वचित एखाद्या माणसाच्या बाबतीत मऊ, बुळबुळीत, लापशीसारखी एक गाठ उगवते. तिला डॉक्टर लोक मिक्सोमा म्हणतात. हृदयातच जन्मणाऱ्या गाठी मुळातच फार दुर्मिळ. त्यांतल्या त्यात प्रौढ माणसांत ही मिक्सोमाची गाठ अधिक आढळते. चारांपैकी सुमारे तीन वेळा ती डाव्या कर्णिकेत असते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती अधिक दिसते.

ह्या गाठीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. ती कर्करोगाची नव्हे. हीच गाठ हातावर किंवा पाठीवर असती, तर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु ती वाढते हृदयात. बहुधा ती एका देठाने पडद्यास लोंबकळत असते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी झुलत जाऊन झडपेच्या तोंडाशी अडकते. दाराला आतून बोळा लागावा, तशी रक्ताची वाट तुंबते. माणसाला धाप लागते, घेरी येते. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळताच कधी जीव घाबरा होतो, तर कधी बरे वाटते. कित्येकदा बारीक ताप राहतो आणि वजन उतरते. याहून भयंकर गोष्ट म्हणजे ह्या ठिसूळ गाठीचे कण तुटून रक्ताबरोबर वाहत जातात. तसा एखादा कण मेंदूत जाऊन अडकला, तर धडधाकट माणसास क्षणात अर्धांगाचा झटका येतो. सौम्य जातीची गाठ केवळ जागेमुळे जीवघेणी ठरते, ती अशी.

आता पूर्वीच्या डॉक्टरांची अडचण पाहा. सांध्यांच्या तापामुळे हृदयाची झडप आकसण्याचा रोग त्या काळी फार असे. मिक्सोमाची लक्षणे त्या रोगासारखीच. नळी लावून ऐकले तरी आवाजही तसाच. त्यामुळे रोगी जिवंत असेपर्यंत गाठ ओळखलीच जात नसे. मृत्यूनंतर शवविच्छेदन केले म्हणजे खरा प्रकार ध्यानी येई. १९५० च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाच्या कप्प्यांचे चित्र घेण्याची विद्या पुढे आली, तेव्हा कोठे गाठीचा संशय जिवंतपणी घेता येऊ लागला. पण संशय आला तरी पुढे काय? आकसलेली झडप उघडण्यासाठी शल्यविशारद त्या काळी कर्णिकेस लहान भोक पाडून नुसते बोट आत घालीत आणि न पाहता, चाचपूनच काम उरकीत. हृदय तसेच धडधडत असे. ह्या आंधळ्या पद्धतीने लापशीसारखी गाठ काढावयास जावे, तर तिचे तुकडे होऊन रक्तात जाणार. गाठ पाहून काढावयाची, तर हृदय उघडले पाहिजे आणि त्यातून वाहणारे रक्त थांबविले पाहिजे. रक्त थांबले की तीन-चार मिनिटांत मेंदू निकामी होऊ लागतो. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. बॅन्सन यांनी उजव्या कर्णिकेतील अशी गाठ, हृदयाकडे येणारे रक्त थोडा वेळ अडवून, काढून पाहिली. १९५३ साली त्यांनी ती हकिगत प्रसिद्ध केली. परंतु तो रोगी काही आठवड्यांतच दगावला. थोडक्यात, वाट कोठेच दिसत नव्हती. ती वाट तयार करणाऱ्या पुरुषाकडे आता वळू.

क्लॅरेन्स क्राफूर्ड यांचा जन्म २८ मे १८९९ रोजी स्वीडनमधील हुडिक्स्वाल ह्या गावी झाला. हे गाव राजधानी स्टॉकहोमच्या उत्तरेस, बोथ्नियाच्या आखातावर वसलेले आहे. वैद्यकाचे शिक्षण घेऊन तरुण क्राफूर्ड शस्त्रक्रियेच्या शाखेत शिरले. स्टॉकहोम येथील साबात्सबेर्ग रुग्णालय ही त्यांची मुख्य कर्मभूमी. ते ह्या विद्येत आले तेव्हा पोट उघडणे ही नित्याची गोष्ट झाली होती. छाती उघडणे मात्र मोठे साहस समजले जाई. हृदयास हात लावण्याची तर बातच नको. १८९६ साली जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे डॉ. रेन यांनी सुरीचा वार लागलेल्या हृदयास टाके घालून रोग्याला वाचविले होते, हे खरे. परंतु तो अपघाताचा प्रसंग होता. रोगासाठी हृदय उघडावे, असे मनात आणणेही धाडसाचे होते.

क्राफूर्ड यांचे नाव प्रथम गाजले ते १९२७ साली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस होते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर रोगी अंथरुणास खिळून राहिला म्हणजे पायाच्या शिरांत कधीकधी रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत अडकली, तर बरा होत आलेला माणूस काही मिनिटांत प्राणास मुकतो. अशा वेळी तत्काळ छाती उघडून धमनीतील गुठळी ओढून काढावी, ही शस्त्रक्रिया जर्मनीचे डॉ. ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९०८ साली सुचविली होती. स्वतः त्यांचा एकही रोगी त्यातून कायमचा वाचला नाही. पुढे १९२४ साली डॉ. किर्शनर यांना पहिले यश आले. क्राफूर्ड यांनी १९२७ साली ही शस्त्रक्रिया करून दोन रोगी मृत्यूच्या दारातून परत आणले. सारे युरोप चकित झाले.

दुसरा कोणी असता तर ह्या कीर्तीवरच समाधान मानून राहिला असता. क्राफूर्ड यांची थोरवी अशी, की त्यांनी यशाचाच उलट तपास घेतला. वाचलेले रोगी बोटांवर मोजण्याजोगे. दगावणारे कितीतरी अधिक. आग लागल्यावर धावण्यापेक्षा आग लागूच न देणे शहाणपणाचे. गुठळी मुळातच होऊ नये यासाठी काय करता येईल, ह्या प्रश्नाकडे ते वळले. १९१६ साली बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकीच्या एका विद्यार्थ्यास जनावरांच्या शरीरातून रक्त गोठू न देणारा एक पदार्थ सापडला होता. यकृतावरून त्यास हेपरिन हे नाव पडले. स्टॉकहोममधील रसायनशास्त्रज्ञ एरिक योर्पेस यांनी तो पदार्थ शुद्ध करण्याचे व त्याची घटना शोधण्याचे काम हाती घेतले होते. क्राफूर्ड यांनी हे औषध शस्त्रक्रियेनंतर रोग्यांस देऊन पाहिले आणि गुठळ्या टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो, असे १९३७ साली प्रसिद्ध केले. त्याच सुमारास कॅनडात टोराँटो येथेही ह्याच दिशेने काम चालले होते. हेपरिन आजही जगातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रोज वापरले जाते. वाचकांनी ह्या औषधाचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

दुसरी अडचण श्वासाची होती. आपली फुप्फुसे फुगलेली राहतात ती छातीच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो म्हणून. छाती उघडताच बाहेरची हवा आत शिरते आणि फुगा मिटावा तसे फुप्फुस मिटते. यावर जर्मनीचे डॉ. सावरब्रुख यांनी १९०४ साली एक उपाय काढला. रोग्याचे धड व शल्यविशारद एका बंद कोठडीत, रोग्याचे डोके तेवढे बाहेर, आणि कोठडीतील हवेचा दाब कमी केलेला, अशी ती योजना होती. ती चाले, पण फार अवघड पडे. ह्याच सावरब्रुख यांच्या हाताखाली काम केलेले स्वीडनचे डॉ. गिएर्ट्झ यांनी १९१६ साली जनावरांवरील प्रयोगांनी दाखविले, की कोठडीपेक्षा नळीवाटे फुप्फुसांत तालबद्ध हवा भरणे अधिक चांगले. ही गोष्ट बरीच वर्षे कागदावरच राहिली होती. क्राफूर्ड यांनी ती उचलली. साबात्सबेर्ग रुग्णालयातील घशाचे शल्यविशारद पाउल फ्रेंकनर आणि एमिल आंद्रेआसन नावाचे अभियंते यांच्याशी सहकार्य करून, भूल दिलेल्या रोग्यास नियमित श्वास देणारे यंत्र सिद्ध झाले. त्याचे नाव स्पायरोपल्सेटर. १९३८ साली क्राफूर्ड यांनी फुप्फुस काढण्याच्या शस्त्रक्रियेवर जो प्रबंध लिहिला, त्यात ह्या पद्धतीचे सविस्तर विवेचन आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. हे यंत्र तयार करणारी आगा नावाची कंपनी मूळची समुद्रातील दीपगृहांचे दिवे बनविणारी. तिचे चालक गुस्ताफ दालेन यांना अशा स्वयंचलित दिव्यांच्या शोधाबद्दल १९१२ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी प्रयोग करीत असता झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. दिव्याची उघडझाप करण्यासाठी वायूचा प्रवाह ठरावीक तालात सोडावा लागतो. श्वासयंत्रालाही वायू तालातच सोडावयाचा असतो. खलाशांना वाट दाखविणाऱ्या कारागिरांची विद्या अशा रीतीने शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी येऊन पोहोचली. कोणतीही विद्या वाया जात नाही, असे जे आपण मुलांस सांगतो, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

तिसरी अडचण महाधमनीची. कित्येक मुलांत महाधमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी गर्भावस्थेतील नळी जन्मानंतरही उघडी राहते. ती बांधण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. ग्रॉस यांनी १९३८ साली प्रथम यशस्वी केली, आणि पुढे क्राफूर्डही ती करू लागले. अशाच एका प्रसंगी रक्तस्राव आवरेना, म्हणून क्राफूर्ड यांना महाधमनीच चिमट्याने दाबून धरावी लागली. वीस मिनिटांहून अधिक वेळ रक्त अडले होते. रोगी बरा झाला. शरीराच्या खालच्या भागाचा पुरवठा एवढा वेळ थांबला तरी माणूस जगतो, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवले. संकटातून निभावलो म्हणून सुटकेचा निःश्वास सोडणारे पुष्कळ. त्या संकटाने काय शिकविले हे विचारणारे थोडे.

ह्या नोंदीचे फळ १९४४ साली आले. काही मुलांच्या महाधमनीत जन्मतःच एका जागी आवळ असते. त्यामुळे डोके व हात यांत रक्ताचा दाब भलताच वाढतो, पाय मात्र रक्तावाचून दुबळे राहतात, आणि अशी माणसे बहुधा ऐन उमेदीत दगावत. १९ ऑक्टोबर १९४४ रोजी क्राफूर्ड यांनी एका बारा वर्षांच्या मुलाची महाधमनी वर व खाली दाबून धरली, आवळलेला भाग कापून काढला आणि दोन टोके एकमेकांस शिवली. बाराच दिवसांनी त्यांनी सत्तावीस वर्षांच्या एका शेतकऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली. दोघेही वाचले. युरोपात महायुद्धाचा वणवा पेटलेला असताना तटस्थ स्वीडनमध्ये घडलेली ही गोष्ट, डॉ. न्यूलिन यांच्यासह लिहिलेल्या लेखाने १९४५ साली जगापुढे आली. तिकडे बोस्टनमध्ये डॉ. ग्रॉसही जनावरांवर प्रयोग करून ह्याच शस्त्रक्रियेची तयारी करीत होते आणि १९४५ साली त्यांनाही यश आले.

रक्त गोठू न देण्याची विद्या हाती आली. छाती उघडी असता श्वास चालू ठेवण्याची विद्या आली. मोठ्या धमन्या दाबून शिवण्याचे कसब आले. उरले ते खुद्द हृदयाचे कवाड. ते उघडावयाचे तर हृदय व फुप्फुसे या दोहोंचे काम बाहेरच्या यंत्राने केले पाहिजे. शिरांतून येणारे काळसर रक्त यंत्रात घ्यावयाचे, त्याचा पातळ थर फिरत्या पृष्ठभागांवर पसरून त्याला प्राणवायू द्यावयाचा, आणि ते लाल झालेले रक्त पुन्हा धमनीत सोडावयाचे. ऐकावयास सोपे. पण रक्त शरीराबाहेर पडताच गोठू लागते, ढवळले तर फेसाळते, हवेचा एक बुडबुडा मेंदूत गेला तर घात होतो. रक्त न गोठण्यासाठी हवे होते हेपरिन. आणि ते क्राफूर्ड यांच्या हाताशी कित्येक वर्षांपासून होते!

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ह्या यंत्रासाठी जवळजवळ दोन दशके घालविली होती. ६ मे १९५३ रोजी त्यांनी यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील पडद्याचे छिद्र बुजविले आणि ती वाचली. परंतु त्यानंतरचे रोगी दगावले, तेव्हा खिन्न होऊन गिबन यांनी ते काम सोडून दिले. स्टॉकहोममध्ये क्राफूर्ड यांनीही आपल्या शिष्यांसह हाच उद्योग चालविला होता. त्यांपैकी विकिंग ब्यर्क यांनी फिरत्या चकत्यांच्या यंत्रावरचे आपले प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध केले. दुसरे शिष्य ओके सेनिंग हे त्याच सुमारास साबात्सबेर्ग येथे आले. त्यांनी कुत्र्यांवर अनेक प्रयोग करून यंत्र सुधारले. हृदय उघडलेले असताना ते मध्येच जोराने ठोके देऊ लागले तर आतली हवा मेंदूकडे फेकली जाईल. म्हणून विजेच्या साहाय्याने हृदय नुसते थरथरत ठेवावे व काम झाल्यावर पुन्हा तालावर आणावे, असे सेनिंग यांनी १९५२ च्या आपल्या प्रबंधात मांडले. यंत्र घडविण्यास पुन्हा ती दीपगृहांची आगा कंपनीच पुढे आली.

आणि मग तो दिवस उजाडला. १६ जुलै १९५४. टेबलावर चाळीस वर्षे वयाची एक स्त्री होती. तिच्या डाव्या कर्णिकेत मिक्सोमाची गाठ होती. गाठ राहू द्यावी तर मरण निश्चित. काढावी तर अशी गाठ काढून माणूस जगल्याचे उदाहरण जगात एकही नाही. गिबन यांच्या रोग्यांचे पुढे काय झाले हे वैद्यकविश्वापुढे होतेच. अशा वेळी शल्यविशारदाच्या मनावर किती भार असेल, याची कल्पना आपणांस कोठून यावी? यंत्र सुरू झाले. रक्ताने आपली नेहमीची वाट सोडून नवी वाट धरली. डॉ. क्राफूर्ड यांनी हृदय उघडले आणि चाचपून नव्हे, तर डोळ्यांनी पाहून गाठ काढून घेतली. हृदय पुन्हा शिवले गेले, यंत्र थांबले, हृदयाने आपले काम पुन्हा हाती घेतले. ती स्त्री बरी झाली. हृदयाच्या आतील गाठ यशस्वी रीतीने काढल्याचे हे जगातले पहिले उदाहरण होय, आणि असे यंत्र वापरून युरोपात यशस्वी झालेली ही पहिलीच शस्त्रक्रिया होय.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून मागे वळून पाहावे. १९२७ च्या गुठळीने हेपरिनकडे नेले. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेने श्वासयंत्राकडे नेले. एका अवचित रक्तस्रावाने महाधमनीची वाट दाखविली. ह्या साऱ्या वाटा १९५४ साली एका टेबलापाशी येऊन मिळाल्या. यांतील एकही गोष्ट क्राफूर्ड यांनी त्या गाठीसाठी म्हणून केलेली नव्हती. समोर आलेली अडचण मुळापासून सोडवावयाची आणि मिळालेले ज्ञान जपून ठेवावयाचे, एवढाच त्यांचा क्रम होता. गाठ काढण्यास लागला एक दिवस; तिच्यापर्यंत पोहोचण्यास लागली सत्तावीस वर्षे.

पुढे डॉ. क्राफूर्ड स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत छातीच्या शस्त्रक्रियेचे प्राध्यापक म्हणून नावारूपास आले आणि त्यांचा विभाग कॅरोलिन्स्का रुग्णालयात गेला. तेथेच ८ ऑक्टोबर १९५८ रोजी सेनिंग यांनी, अभियंते रुने एल्मक्विस्ट यांनी बनविलेला पेसमेकर माणसाच्या शरीरात प्रथमच बसविला. तो रोगी, आर्ने लार्सन, पुढे त्रेचाळीस वर्षे जगला. २००१ साली वारला तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता. सेनिंग १९६१ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गेले व तेथे त्यांनी मोठे नाव मिळविले. १९६६ साली क्राफूर्ड निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी आले ते त्यांचेच शिष्य ब्यर्क. ब्यर्क यांच्या नावाची कृत्रिम झडप पुढे जगभर वापरली गेली. आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांस ह्या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. गुरूची खरी मिळकत म्हणजे त्याच्यापुढे गेलेले शिष्य. २५ फेब्रुवारी १९८४ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, डॉ. क्राफूर्ड स्टॉकहोम येथे निवर्तले.

त्यांच्या कार्याचे आज काय झाले, हेही सांगितले पाहिजे. गाठ ओळखण्याची जी अडचण होती, तीही स्वीडनच्याच दोघांनी सोडविण्यास आरंभ केला. लुंड येथील डॉ. एडलर व पदार्थवैज्ञानिक हर्ट्झ यांनी १९५३ साली कानांस ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी हृदयावर सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून हृदयाची हालचाल टिपली. आज आपण ज्याला टू-डी एको म्हणतो, त्या तपासणीचा उगम तोच. १९५९ साली जर्मनीत ह्या ध्वनिलहरींनी मिक्सोमा प्रथम ओळखला गेला. आता ही तपासणी तालुक्याच्या गावीही होऊ लागली आहे, तिला सुई लागत नाही, आणि झुलणारी गाठ पडद्यावर स्पष्ट दिसते. गाठ दिसली की तिचे तुकडे सुटण्यापूर्वी, विलंब न करता ती काढतात. देठाच्या मुळाशी असलेला पडद्याचा थोडा भागही बरोबर काढतात, म्हणजे ती पुन्हा उगवण्याचा संभव फार कमी राहतो. काही थोड्या घराण्यांत मात्र ही गाठ आनुवंशिक असते, आणि अशा घराण्यांत ती पुन्हा होऊ शकते. म्हणून एकास झाली असता इतर आप्तांनीही तपासून घ्यावे लागते. हृदयातील सर्वच गाठी अशा सौम्य नसतात. कर्करोगाच्या गाठी तेथे क्वचित होतात, आणि त्यांच्यापुढे आजही शल्यविद्या पुष्कळदा हतबल ठरते. तेव्हा क्राफूर्ड यांनी सुरू केलेले काम पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.

आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंती आहे. घरातील एखादी माउली जिना चढताना धापा टाकू लागली, कूस बदलताच तिला घेरी आली, बारीक ताप व अशक्तपणा महिनोन्‌महिने हटेना, की आपण बहुधा कामाचा शीण, वय झाले, रक्त कमी आहे, असे म्हणून ते अंगावर काढू देतो. तीही बिचारी घरच्या रगाड्यात स्वतःचे दुखणे बोलून दाखवीत नाही. शंभरांतील नव्याण्णव वेळा कारण दुसरेच, साधे निघेल. हा दुर्मिळ रोग तिला असेलच असे नाही. तथापि कारण कोणतेही असो, हृदयाची तपासणी एकदा करून घेण्यात तोटा काहीच नाही. १९५४ साली त्या टेबलावर होती ती चाळीस वर्षांची एक स्त्रीच होती, हे विसरू नये.

आणि आपल्या तरुण मुलामुलींस काय सांगावे? आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात ज्यांची नावे दरसाल वाचली जातात, त्यांत वैद्यकीकडे, यंत्रविद्येकडे, रसायनशास्त्राकडे जाणारी मुले आहेत. कोणी कारखान्यात हाताला काळे फासून घेणारी आहेत. कोणाचे काम मोठे व कोणाचे लहान, असा भेद त्यांनी करू नये. एका गाठीसाठी शल्यविशारद लागला, तसा रसायनशास्त्रज्ञ लागला, घशाचा वैद्य लागला, दीपगृहाचे दिवे करणारा कारागीर लागला, आणि जे मॅक्लीनसारखा विद्यार्थीही लागला. आपल्यापुढे आज जी लहानशी अडचण असेल, ती मनापासून सोडवावी. तिचा उपयोग पुढे कोठे होईल याची चिंता करू नये. डॉ. क्राफूर्ड यांच्या चरित्राचे सार आम्हांस एवढेच दिसले, आणि ते आपल्यापुढे ठेवून आम्ही लेखणी खाली ठेवतो.